क्लिस्ट्रॉन तोच, शक्ती पाचपट : स्पंद-संकोचनात नेमके काय होते?

आगरकाठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात बारावीच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, स्टॅनफर्डच्या वेगवर्धकात क्लिस्ट्रॉनमधून, म्हणजे मायक्रोवेव्ह लहर मोठी करणाऱ्या निर्वात-नळीतून, ६५ मेगावॉट मायक्रोवेव्ह शक्ती निघते आणि इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या नळीकडे जाताना तिचे शिखर त्याच्या कितीतरी पट झालेले असते, असे मी वाचले. मधे तर फक्त दोन तांब्याच्या पोकळ्या आहेत, त्यांना विजेची जोडणीही नाही. मग वरची शक्ती आली कुठून?"

पहिल्या भागाचे उत्तर सोपे होते. शक्ती आणि ऊर्जा यांत गल्लत झाली की असे वाटते. क्लिस्ट्रॉन ३.५ मायक्रोसेकंद चालतो, नळीला मात्र शेवटच्या सुमारे ०.८ मायक्रोसेकंदांचेच काम असते. आधीच्या वेळातली ऊर्जा साठवून ती शेवटच्या तुकड्यात ओतली, तर एकूण ऊर्जा तेवढीच राहून, किंबहुना थोडी घटूनही, शक्ती वाढते. यालाच स्पंद-संकोचन म्हणतात.

वर्गात मी आमच्या आगरातल्या कुंडीचा दाखला दिला. उन्हाळ्यात झऱ्याची धार करंगळीएवढी होते. ती तशीच पाटात सोडली तर पहिल्या दहा पोफळींच्या आळ्यांतच जिरते आणि टोकाच्या झाडांना थेंब मिळत नाही. म्हणून रात्रभर कुंडी भरू द्यायची आणि सकाळी बोळा काढायचा. पाणी तेवढेच असते, पण पाट भरून वाहतो आणि आगराच्या टोकापर्यंत पोहोचतो.

मुलांना हे पटले. पण त्याच मुलीने पुढे विचारले, "पोकळीचा बोळा कोण काढतो?" मी म्हणालो, तिथे एखादा स्विच असेल. "६५ मेगावॉट तोडजोड करणारा, मायक्रोसेकंदाच्याही अंशात उघडणारा स्विच असतो का?" यावर मला उत्तर देता आले नाही, आणि चुकीचे उत्तर देऊन बसलो याची रुखरुख लागून राहिली आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खारेवारे

उत्तम प्रश्न आहे, सर. माझी त्यात एक भर. एवढा खटाटोप करण्यापेक्षा मोठा क्लिस्ट्रॉन का बसवत नाहीत? आमच्या बंदरात एका इंजिनाने होडी ओढली नाही तर दुसरे लावतात.

तांबेपोकळी

आगरकाठ सर, मी अकरा वर्षे परदेशातल्या एका प्रयोगशाळेत याच प्रकारच्या पोकळ्यांवर काम केले आणि आता दापोलीजवळ गावी राहतो. आपल्या विद्यार्थिनीने बोट अगदी बरोबर जागी ठेवले आहे. साठवण्याची कल्पना कोणालाही सुचेल. कसोटी आहे ती बाहेर काढण्याची, आणि तिथे कुंडीचा दाखला अपुरा पडतो, कारण या पोकळीला बोळाच नाही. तिचे तोंड सदैव उघडे असते. त्याच तोंडातून ऊर्जा आत जाते आणि त्याच तोंडातून, भरणे चालू असतानाही, बाहेर झिरपत असते.

आपण तोंडापाशी उभे राहून पाहू. क्लिस्ट्रॉनकडून आलेली लहर तोंडावर आपटून परत फिरते. ही झाली पहिली लहर. पोकळीत अनुनादाने जमत गेलेले विद्युतचुंबकीय क्षेत्र त्याच तोंडातून आपली लहर बाहेर सोडते. ही दुसरी. नळीकडे जाते ती या दोघींची बेरीज, आणि भरण्याच्या काळात त्या एकमेकींच्या विरुद्ध कलेत (फेजमध्ये) असतात, म्हणजे एकीचा माथा तिथे दुसरीचा खळगा. सुरुवातीला पोकळी रिकामी, म्हणून फक्त पहिली लहर दिसते. काही वेळाने दुसरी तिच्याएवढी होते आणि बाहेर जाणारी शक्ती क्षणभर शून्यावर येते. पुढे दुसरी वरचढ ठरते.

आता नेमक्या क्षणी क्लिस्ट्रॉनकडून येणाऱ्या लहरीची कला १८० अंशांनी उलटवली तर काय होईल? परत फिरणारी पहिली लहर तत्काळ उलटते, कारण ती निव्वळ परावर्तन आहे. पोकळीतले क्षेत्र मात्र तत्काळ उलटू शकत नाही. तिथे हजारो आवर्तनांत जमवलेली ऊर्जा आहे. त्यामुळे इतका वेळ एकमेकींना खोडणाऱ्या दोन लहरी त्या क्षणापासून एकमेकींत मिळतात.

आपल्या घरांतल्या ओटीवरच्या जड झोपाळ्याने हे जास्त नीट समजेल. तालात रेटे देत झोपाळा चढवला आणि मग अचानक उलट्या तालात हात लावला, तर झोपाळा लगेच थांबत नाही. तो आपली ऊर्जा तुमच्या हातावर ओततो आणि खांद्याला हिसका बसतो. तिथेही कोणी बोळा काढलेला नसतो. रेट्याचा ताल बदललेला असतो, एवढेच.

ही उलटापालट करण्यासाठी मेगावॉट पेलणारे काहीही लागत नाही, हे यातले खरे सौंदर्य. क्लिस्ट्रॉन हा प्रवर्धक आहे. त्याच्या तोंडाशी जी छोटी लहर देतात तिचीच कला उलटवायची. तिथे शक्ती काहीशे वॉटची असते आणि साध्या इलेक्ट्रॉनिक फेज-शिफ्टरने काम भागते. मोठी शक्ती आपोआप त्यामागून उलटते. फार्कस, हॉग, लो आणि विल्सन यांनी स्टॅनफर्डला १९७४ मध्ये ही पद्धत मांडली आणि ती 'स्लेड' या नावाने रूढ झाली.

खारेवारे यांना उत्तर : स्टॅनफर्डचा तो वेगवर्धक ३.२ किलोमीटर लांबीचा बांधला गेला आणि १९६६ मध्ये चालू झाला. कणांना मिळणारी ऊर्जा शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ऊर्जा दुप्पट हवी तर शक्ती चौपट लागते, म्हणजे क्लिस्ट्रॉनही चौपट, त्यांना वीज पुरवणारे मॉड्युलेटरही चौपट. आणि एकेक क्लिस्ट्रॉन मोठा करायलाही मर्यादा आहे. पुढे तिथे आलेल्या ६५ मेगावॉटच्या क्लिस्ट्रॉनला ३५० किलोव्होल्टचे स्पंद द्यावे लागतात. व्होल्टता आणखी चढवली की आतल्या निर्वातातच ठिणग्या पडू लागतात. त्या तुलनेत तांब्याच्या दोन पोकळ्या म्हणजे फार थोडा खर्च.

पोफळबाग

झोपाळ्याचा दाखला फार आवडला. पण मी शेतकरी आहे आणि कुंडीची बाजू थोडी मांडतो. आमची जांभ्याची कुंडी पाझरते. रात्रभर साठवायचे म्हटले तर पहाटेपर्यंत चार बोटे पाणी उतरलेले असते. या पोकळीचे पाझरणे किती? आणि तोंड लहान ठेवावे की मोठे, हे कसे ठरवतात?

तांबेपोकळी

पोफळबाग, हाच प्रश्न आराखडा करणारा पहिल्यांदा विचारतो. स्टॅनफर्डच्या पोकळीची गुणवत्ता, म्हणजे साठवलेली ऊर्जा किती टिकते याचे माप, ज्याला आम्ही क्यू म्हणतो, सुमारे १,००,००० आहे. पोकळी सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची आणि साधारण एक तृतीयांश मीटर लांब असते, आणि आतल्या क्षेत्राची रचना अशी निवडलेली असते की भिंतीतले प्रवाह बांगडीसारखे गोल फिरतात. त्यामुळे तांब्यात फार थोडी ऊर्जा वाया जाते. तरीही २८५६ मेगाहर्ट्झला हिशेब केला तर तोंड बंद ठेवूनही साठवलेली ऊर्जा ५.६ मायक्रोसेकंदांत ३७ टक्क्यांवर येते. रात्रभराची गोष्टच नको. जे काही करायचे ते मायक्रोसेकंदांत.

तोंडाचा आकार जोडणी-गुणांकाने सांगतात. तिथे तो साधारण ५ ठेवला आहे, म्हणजे भिंतीत जेवढी शक्ती जिरते त्याच्या पाचपट तोंडातून बाहेर पडते. तोंड लहान ठेवले तर पोकळी भरायला वेळ लागतो आणि भरलेले बाहेर हळू येते; फार मोठे ठेवले तर साठण्याआधीच बाहेर पडते. ५ धरल्यास भारित क्यू, म्हणजे तोंडातून जाणारी शक्तीही धरून येणारा क्यू, १६,७०० च्या आसपास येतो आणि क्षेत्राचा भरण-काल १.८६ मायक्रोसेकंद.

आता आकडे मांडतो. क्लिस्ट्रॉनच्या लहरीचा आयाम, म्हणजे माथ्याची उंची, १ धरा. पोकळीची लहर अनंत काळ भरली तर १.६७ पर्यंत जाईल. आपल्याकडे ३.५ मायक्रोसेकंदांपैकी उलटवण्याआधीचे २.७ आहेत, तेवढ्यात ती १.२८ पर्यंत पोहोचते. उलटवताक्षणी तिच्यात १ मिळतो आणि आयाम २.२८ होतो. शक्ती त्याच्या वर्गाएवढी, म्हणजे ५.२ पट. सर म्हणतात ती 'कितीतरी पट' ही. भिंती पूर्ण नुकसानरहित आणि वेळ अमर्याद असता तर आयाम ३ आणि शक्ती ९ पट झाली असती. ती या पद्धतीची छत-रेषा.

मात्र शिखर टिकत नाही. उलटी लहर आता पोकळीला रिकामी करून विरुद्ध दिशेने भरू पाहत असते. ०.८ मायक्रोसेकंदांच्या शेवटी आयाम १.२५ वर आणि शक्ती जेमतेम १.५५ पटीवर येते. ऑसिलोस्कोपवर हा स्पंद उभ्या कड्यासारखा चढतो आणि घसरगुंडीसारखा उतरतो. क्षेत्राची साधी सरासरी काढली तर १.७ पट. इलेक्ट्रॉनांना कामी येते ती साधारण ही सरासरी, कारण ३.०५ मीटरच्या नळीत लहर प्रकाशाच्या वेगाच्या अवघ्या सव्वा टक्क्याने पुढे सरकते, आणि इलेक्ट्रॉनांचा गुच्छ येतो तेव्हा संपूर्ण घसरगुंडी त्या नळीत पसरलेली असते. नळीतला ऱ्हास धरला की प्रत्यक्ष लाभ याहून थोडा कमी भरतो.

आगरकाठ (धागाकर्ता)

तांबेपोकळी, आपले आभार मानावेत तेवढे थोडे. वर्गात जाऊन आधीचे उत्तर चुकले होते असे सांगून झोपाळ्याचा दाखला मांडणार आहे. एक शंका राहिली. तोंडावरून परत फिरलेली लहर नळीकडेच का जाते? ती तर आल्या वाटेने क्लिस्ट्रॉनकडे जायला हवी.

तांबेपोकळी

म्हणूनच पोकळ्या दोन. क्लिस्ट्रॉनची लहर आधी एका चार तोंडांच्या जोडणीत येते, तिला आम्ही थ्री-डीबी हायब्रिड म्हणतो. ती लहरीचे दोन समान भाग करते आणि त्यांच्यात ९० अंशांचा कलाभेद ठेवते. एक भाग एका पोकळीकडे, दुसरा दुसरीकडे. दोन्हींकडून परतणाऱ्या लहरी पुन्हा त्या जोडणीत भेटतात, तेव्हा क्लिस्ट्रॉनच्या वाटेवर त्या एकमेकींना पूर्ण खोडतात आणि चौथ्या तोंडावर, म्हणजे नळीच्या वाटेवर, एकमेकींत मिळतात. अट एकच. दोन्ही पोकळ्या हुबेहूब सारख्या हव्यात.

ती अट मोडली की काय होते, हे मी स्वतः भोगले आहे. एके सकाळी आमचा एक क्लिस्ट्रॉन चालू करताच इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र बंद करणारी सुरक्षा-यंत्रणा, पडू लागला. कारण दाखवत होते : परत येणारी शक्ती जास्त. पुन्हा चालू करावे, दोन-तीन मिनिटे नीट चालावे, आणि पुन्हा पडावे. दोन दिवस आम्ही क्लिस्ट्रॉनची खिडकी, तरंगमार्गीचे सांधे, निर्वात पंप असे एकेक तपासत राहिलो. तापमानाचा आकडा ठीक होता, कारण तो दोन्ही पोकळ्यांच्या एकत्र परतीच्या पाण्यावर मोजला जात होता. तिसऱ्या दिवशी एका वयस्क तंत्रज्ञाने काही न बोलता दोन्ही पोकळ्यांच्या पाण्याच्या बाहेरच्या नळ्यांवर दोन हात ठेवले आणि आम्हाला बोलावले. एक नळी स्पष्ट कोमट होती. तिच्या आतल्या वाटेत क्षार साचून प्रवाह निम्म्यावर आला होता. कमी शक्तीवर दोन्ही पोकळ्या सारख्या दिसत. पूर्ण शक्तीवर एकच तापे.

हिशेब असा. तांबे एका अंशाला दहा लाखांत १७ भाग प्रसरण पावते, म्हणजे २८५६ मेगाहर्ट्झची पोकळी अंशाला सुमारे ४८ किलोहर्ट्झ उतरते. भारित पोकळी ज्या वारंवारता-पट्ट्यात नीट प्रतिसाद देते त्याची अर्धी रुंदी, म्हणजे अर्धी पट्टरुंदी, ८६ किलोहर्ट्झच आहे. दोन अंशांचा फरक पडला की एका पोकळीची कला ४५ अंशांहून जास्त सरकते, खोडणे अपुरे राहते आणि उरलेली शक्ती क्लिस्ट्रॉनकडे धावते. एवढ्यासाठी या पोकळ्यांचे पाणी अंशाच्या लहान अंशापर्यंत स्थिर ठेवतात. आणि एखादा विभाग संकोचनाशिवाय चालवायचा असेल तर पोकळीत एक सुई सरकवून तिला मुद्दाम सुराबाहेर नेतात. मग लहर तिच्याकडे लक्षच न देता पुढे जाते.

खारेवारे

नळ्यांवर हात ठेवणाऱ्या त्या तंत्रज्ञांना नमस्कार.

आता एक प्रश्न. माझ्या आईवर मुंबईत रेडिएशनचे उपचार झाले, त्या यंत्रालाही लिनॅक, म्हणजे रेषीय वेगवर्धक, म्हणत होते. खारघरला अणुऊर्जा खात्याचे इलेक्ट्रॉन बीम केंद्र आहे, असेही वाचले आहे. आणि आमचा हापूस अमेरिकेला जायचा तर २००७ पासून विकिरण करावे लागते. या सगळ्यांत ही पद्धत आहे का?

तांबेपोकळी

आपल्या आईंची प्रकृती उत्तम राहो.

तिन्ही ठिकाणी तिची गरज नाही. रुग्णालयातल्या ६ मेगाव्होल्टच्या यंत्राची नळी फूटभराच्या आसपास असते आणि तिला दोन-तीन मेगावॉटचा मॅग्नेट्रॉन पुरतो. खारघरचा वेगवर्धक १० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि १० किलोवॉट शलाका-शक्तीचा आहे. त्याची वारंवारता स्टॅनफर्डचीच, २८५६ मेगाहर्ट्झ, पण काम वेगळे. विकिरणात मालावर एकूण किती मात्रा पडली हे महत्त्वाचे. आंब्याला किमान ४०० ग्रे लागते, आणि लासलगावला ती वेगवर्धकाने नव्हे, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी दिली जाते. मात्रा येते सरासरी शक्तीतून. संकोचनाने शिखर वाढते, सरासरी मात्र भिंतीत जिरल्याने घटतेच. जिथे थोड्या लांबीत कणांना जास्तीत जास्त ऊर्जा द्यायची आहे, तिथेच हा सौदा फायद्याचा.

असा सौदा कुठे लाभला तेही सांगतो. स्टॅनफर्डने जुन्या बोगद्यातच इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन इतक्या ऊर्जेला नेले की १९८९ मध्ये त्यांच्या टकरीतून झेड बोसॉन हे मूलकण मिळू लागले. २००९ मध्ये त्याच वेगवर्धकाच्या शेवटच्या तृतीयांशाने क्ष-किरण लेसरला इलेक्ट्रॉन पुरवले. स्वित्झर्लंडमधल्या स्विसफेल या क्ष-किरण लेसरमध्ये ५.७ गिगाहर्ट्झला एकेक क्लिस्ट्रॉन पिंपाच्या आकाराच्या एकाच पोकळीतून दोन-दोन मीटरच्या चार नळ्यांना शक्ती देतो. त्या पिंपात लहर कडेकडेने एकाच दिशेने फिरते, परत फिरतच नाही, म्हणून तिथे हायब्रिडची गरज उरत नाही. मला स्वतःला हा आराखडा फार देखणा वाटतो.

पोफळबाग

शिखर इतके उतरते म्हणालात. एकामागून एक अनेक गुच्छ पाठवायचे असतील तर पहिल्याला भरपूर आणि शेवटच्याला कमी मिळणार. पाटाच्या टोकाची तीच तक्रार पुन्हा आली.

तांबेपोकळी

अगदी तीच. त्यावर एक उपाय म्हणजे पोकळीऐवजी लांब गोल नळी घेणे. नळीत लहर टोकापर्यंत जाऊन परत येते, त्यामुळे साठलेले क्षेत्र हळूहळू न ओसरता जाण्यायेण्याच्या वेळेएवढ्या सपाट पायरीत बाहेर पडते. अडचण लांबीची. ४०० नॅनोसेकंदांत प्रकाश १२० मीटर जातो, म्हणजे नळी ६० मीटरच्या घरात. स्टॅनफर्डच्या लोकांनी त्याच नळीत लहर दोन वेगवेगळ्या क्षेत्ररचनांनी फिरवून ती लांबी निम्मी केली आणि ११.४ गिगाहर्ट्झला ४०० नॅनोसेकंदांचे सुमारे ५०० मेगावॉटचे सपाट स्पंद काढून दाखवले. ऑगस्ट २००४ मध्ये नियोजित आंतरराष्ट्रीय रेषीय टक्करयंत्रासाठी अतिवाहक तंत्राची शिफारस झाली. त्यात स्पंद मिलिसेकंदाच्या मापाचे असतात आणि संकोचनाचे काम उरत नाही. पुष्कळ जणांची वर्षानुवर्षांची मेहनत त्या दिवशी बाजूला पडली, आणि त्याचे वाईट मला आजही वाटते.

आगरकाठ (धागाकर्ता)

आज वर्गात हे सगळे मांडले. त्या विद्यार्थिनीने घरी वही भरून हिशेब करून आणला आहे, तो तिच्या परवानगीने इथे देतो. शेवटचे ०.८ मायक्रोसेकंद कायम ठेवून तिने क्लिस्ट्रॉनच्या स्पंदाची लांबी बदलून पाहिली. २.५ मायक्रोसेकंदांना शिखर ४ पट आणि क्षेत्राची सरासरी १.५ पट येते. ३.५ ला आपण दिलेलेच आकडे. ५ ला शिखर ६.२ पट आणि सरासरी १.९ पट. तिचे म्हणणे असे की ३.५ वरून ५ वर गेल्यास क्लिस्ट्रॉनची ऊर्जा ४३ टक्क्यांनी वाढते आणि सरासरी क्षेत्र मात्र दहाच टक्क्यांनी, तेव्हा थांबावे कुठे हे पोकळीपेक्षा वीजबिल ठरवत असावे.

तिने आणखी एक विचारले आहे. कला १८० अंशांनी एकदम न उलटवता, सुरुवातीला थोडी आणि मग हळूहळू फिरवत नेली, तर शिखर कमी होईल, पण घसरगुंडी सपाट होईल का?

तांबेपोकळी

तिचे तिन्ही आकडे मी ताडून पाहिले, बरोबर आहेत. वीजबिलाच्या जोडीला मॉड्युलेटर धरावा; ३५० किलोव्होल्ट पाच मायक्रोसेकंद सपाट ठेवणे हे साडेतीनपेक्षा बरेच अवघड असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय, असेच आहे. जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या सीटीएफ-३ या यंत्रात ३ गिगाहर्ट्झला हेच करत. क्लिस्ट्रॉनच्या तोंडाशी दिलेल्या छोट्या लहरीची कला आखून दिलेल्या वक्राने फिरवायची आणि पोकळी ओसरत जाईल तसतसे दोन्ही लहरींमधला कोन मिटवत न्यायचा. त्यातून सपाट माथ्याचा स्पंद मिळे. कोन शून्य झाला की सपाटपणा संपतो. तो वक्र कसा असावा, हे तिला वहीवरच काढता येईल. दर क्षणी दोन सदिशांची बेरीज स्थिर राहिली पाहिजे, एवढीच अट घालून सुरुवात करायला सांगा. पोकळीचा आयाम वेळेनुसार कसा उतरतो, त्याचे समीकरण तिच्याकडे आहेच; फक्त आता कला बदलती असल्याने ते पायरीपायरीने सोडवावे लागेल. ०.०५ मायक्रोसेकंदाची पायरी पुरेल.